चाचांच्या गाडीतली डावी सीट

आमच्या घरी जमीन नव्हती. कुडाच्या भिंती, वर टिनाचे पत्रे आणि दाराजवळच्या खुंटीला बाबांचा फवारणीचा पंप. बाबा दुसऱ्यांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध मारायला जायचे. आमच्याकडे त्या विषाला औषधच म्हणतात, अजूनही.

कापसाचे ते दिवस वाईट होते. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, आणि जो कापूस हाती लागला त्याला भाव नाही. शेतवाल्यांनी निंदण कमी केलं, खत कमी केलं, फवारणी मात्र वाढवली. म्हणजे गावाचं जितकं वाईट चालायचं तितकं बाबांना जास्त काम मिळायचं. हे मला शाळेत असतानाच समजलं होतं आणि त्याची लाज वाटायची.

आमच्या घरात चमचा एकच होता आणि तो बाबांचा होता. साबणानं दोनदा हात धुतले तरी वास जात नसे, म्हणून ते वरण-भात चमच्यानं खायचे. भाकरी आई मोडून द्यायची, ती ते रुमालात धरून खायचे. शेजारची काकू दारातून बघायची आणि म्हणायची, "तुह्या बापाले चमचा लागते वं, साहेब झाला का काय?" बाबा हसायचे. मला हसू यायचं नाही.

त्या घरातून मी कॉलेजला गेले. बाबा सहावीपर्यंत शिकले होते, आई शाळेतच गेली नव्हती. मी कॉलेजला गेले ते कोणाच्या मेहरबानीनं नाही, मार्कांवर गेले, हे मी आजही स्पष्ट सांगते. पण मार्क कॉलेजपर्यंत नेतात, फाट्यापर्यंत नेत नाहीत. गावापासून फाट्यापर्यंत मला ज्यांनी नेलं त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे.

त्यांना सगळे चाचा म्हणायचे. मूळचे ते तालुक्याचे, गॅरेज लाइनमधले. भावांशी काही बिनसलं म्हणून आमच्या फाट्यावर टिनाची शेड टाकून राहायला आले आणि तिथेच राहिले. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. साठीकडे झुकलेले, काटक, पायजमा पोटऱ्यांपर्यंत वर दुमडलेला. त्यांच्याकडे एक जुनी पिकअप होती. तिचा मूळचा रंग कोणता हे कोणी सांगू शकत नसे. एक दार तारेनं बांधलेलं. हॉर्न वाजायचा नाही आणि तो त्यांनी कधी दुरुस्तही केला नाही. "रस्त्यावर अंधळे लोक हायेत, भैरे नाई. हार्न वाजवून काय फायदा?" असं म्हणायचे.

आमचं गाव मारेगाव तालुक्यात, फाट्यापासून चार किलोमीटर आत. मध्ये नाला आहे आणि त्यावर एक बुटका रपटा. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहू लागलं की डांबरी रस्ता बंद. मग उरायची ती पांधण, शेतांच्या मधून जाणारी मातीची वाट. ती वरच्या अंगाला, जिथे पात्र उथळ आहे तिथे, नाला ओलांडून फाट्याला निघते. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक. पाऊस पडला की ती काळी माती चाकाला अशी धरते की चाक गोल उरत नाही, नुसता गोळा होतो. ट्रॅक्टरवाले पावसाळ्यात तिकडे फिरकत नसत. ऑटोवाले तर नावही काढत नसत. चाचा मात्र त्या पांधणीवरून ती पिकअप न्यायचे, आणि तिची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना होती. पुढची दोन चाकं नुसती वळायला.

ते कसं न्यायचे ते सांगते, कारण सगळा माणूस त्यातच होता.

चिखल लागायच्या आधी ते गाडी थांबवत. चपला काढून समोरच्या काचेखाली ठेवत. मग हात पाठीमागे बांधून, परीक्षेत सर वर्गात फिरतात तसे, तो सगळा वाईट पट्टा अनवाणी चालून येत. कुठे टाच किती रुतली, कुठे तळव्याला खडा लागला, हे बघत. परत येऊन कॅनमधल्या पाण्यानं पाय धुवत, चपला घालत आणि मगच गाडी सुरू करत. घाईतल्या लोकांचा जीव खालीवर व्हायचा. कोणी म्हटलं, "चाचा, रोजचाच तं रस्ता हाय", तर म्हणत, "रोजचा रस्ता हाय, रोजचा चिखल नाई."

गाडी चिखलात शिरली की मग ब्रेक नाही, गियर बदलणं नाही, बोलणं नाही. आम्हीही बोलायचं नाही. एकच आवाज, इंजिनचा, आणि तो कमी-जास्त झालेला त्यांना खपत नसे. गाडी पुढे जात नाही असं वाटलं की चाक गरगरा फिरू न देता ते लगेच मागे घेत. "वापस येण्यात लाज कायची? लाज फसण्यात हाय."

दुसरी गोष्ट वजनाची. मागच्या चाकांवर वजन नसलं तर ती चाकं जागच्या जागी फिरतात आणि स्वतःसाठी खड्डा खोदतात. म्हणून चाचा हौद्यात, बरोबर मागच्या चाकांवर, मुरमाची पोती ठेवायचे. ओल्या दिवसांत ते भाडं म्हणून पैसे घेत नसत. भाडं एक टोपलं मुरूम. गावामागच्या बरड माळावरून आणायचा आणि गाडीत टाकायचा. बायका डोक्यावर टोपलं घेऊन यायच्या, मास्तर पिशवीत आणायचे, मी कॉलेजचं दप्तर एका खांद्याला आणि टोपलं कमरेवर घेऊन यायची. जिथे गाडी अडायची तिथे ती पोती चाकाखाली रिकामी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायची.

आणि मुरमाबरोबर माणसं. पाऊस असला की सगळ्यांनी मागे हौद्यात बसायचं. चाचांच्या शेजारची डावी सीट रिकामी. म्हातारा असो, सरपंच असो, नवी नवरी असो, सगळी मागे. आणि बसताना चाचा प्रत्येकाचं वजन मोठ्यानं सांगायचे. नाव त्यांच्या लक्षात राहत नसे, वजन राहायचं.

"पंचावन. तू त्या कोपऱ्यात बस. तू बासष्ट, मधात."

"चाचा, बायाइले कोनी वजन इचारते काय?" एखादी म्हणायची.

"इचारून कुठं राह्यलो? सांगून राह्यलो."

मी बेचाळीस होते. पहिल्या दिवशी चाचांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, दप्तरासकट, आणि म्हणाले, "बेचाळीस. पुस्तकं धरून शेचाळीस. पोरी, पुस्तकं वाढव. खाऊन तं काई तू वाढत नाई." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी कॉलेजवाली. लायब्ररीतून जाड पुस्तक आणलं की ते हातात घेऊन तोलायचे आणि खूश व्हायचे. आत काय आहे ते त्यांनी कधी विचारलं नाही.

एकदा पिकाची पाहणी करायला तालुक्याहून साहेब आले. उंच, पांढरी, चारही चाकांना ताकद असलेली गाडी. आमच्या फाट्यावर ती थांबली तेव्हा चाचा चहा पीत होते. साहेबांच्या ड्रायव्हरनं पांधण विचारली. चाचा म्हणाले, "आधी पायानं पाहून घे." ड्रायव्हर हसला. म्हणाला, ही गाडी डोंगर चढते. चाचांनी चहा संपवला, कप धुतला आणि शेडमधून दोरखंड आणून पिकअपमध्ये टाकला. आम्ही मागे चढलो. अर्ध्या तासानं पांधणीवर ती पांढरी गाडी दारापर्यंत चिखलात बसलेली दिसली. चारही चाकं फिरत होती आणि चारही खाली चालली होती.

चाचा हसले नाहीत. त्यांनी साहेबांना आमच्या पिकअपकडे यायला सांगितलं. साहेब चिखलातून आले आणि डाव्या दाराची तार सोडायला लागले.

"तिथं नाई साहेब. मागं."

बरोबरचा कारकून म्हणाला, "अहो, हे साहेब आहेत."

चाचांनी साहेबांकडे तशाच नजरेनं बघितलं जशा नजरेनं पहिल्या दिवशी माझ्याकडे बघितलं होतं. "मंग नव्वद असतीन. बरं झालं. मधात बसवा."

साहेब मुरमाच्या पोत्यावर, दोन निंदणाऱ्या बायांच्या मध्ये, बूट हातात घेऊन बसले. माझे बाबा त्यांच्या समोर, पंप मांडीवर घेऊन. त्या दिवशी गावात ही गोष्ट दहादा सांगितली गेली. मीही सांगितली. पण मला तिच्यात फक्त गंमत दिसली. दुसरं जे दिसायला पाहिजे होतं ते दिसलं नाही, नाहीतर पुढचं झालं नसतं.

मी दुसऱ्या वर्षाला होते. सप्टेंबरचा महिना, पाऊस थांबायचं नाव नव्हतं. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली. अशा उंच पऱ्हाटीत फवारताना औषध खाली पडत नाही, तोंडावर येतं. बाबा सलग नऊ दिवस फवारत होते. आई त्या दिवशी दुसऱ्या गावी निंदणाला गेलेली. मी कॉलेजला निघायचं म्हणून तयार होत होते, तेवढ्यात बाबांचा जोडीदार त्यांना खांद्याचा आधार देत घेऊन आला. बाबांना दरदरून घाम फुटलेला, तोंडातून लाळ गळत होती. डोळ्यांपुढे धुकं आहे म्हणाले. उलटी करून झाली होती. जोडीदार म्हणाला, "दवाखान्यात न्या लागते. आत्ताच."

फवारणीनं माणसं जातात हे आम्हाला माहीत होतं. त्या हंगामात आजूबाजूच्या गावांत गेली होती. रपट्यावर पाणी होतं. चाचांची गाडी सुदैवानं गावातच, विहाराजवळ उभी होती, मला फाट्यावर न्यायलाच ते आले होते.

पोती रिकामी होती. आदल्या दिवशीच त्यांनी सगळा मुरूम नाल्याच्या चढावर टाकला होता, आणि त्या सकाळी टोपलं घेऊन कोणी आलं नव्हतं. चाचांनी बाबांकडे एकदा बघितलं आणि हौद्याचं फळकं खाली पाडलं. आत आपली गोधडी अंथरली.

"इथं निजवा. तुमी दोघं बाजूनं धरून बसा. वाटंत वावरातल्या बाया घेऊ चार-पाच."

मी म्हणाले, "नाही. बाबा समोर बसतील."

चाचांना ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हणाले. मग मी जे बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "चाचा, माह्ये बाबा जन्मभर मागंच बसले. ट्रालीत मागं, टेम्पोत मागं, पंगतीत मागं. आज ते समोर बसतीन. सीटवर. मी त्याइले पोत्यासारखं नाई नेऊ देनार."

"पोरी, मागं वजन पाह्यजे."

"मी बसते ना मागं. हे काका बसतीन."

"दोघानं काय होते?" ते म्हणाले. मग बाबांकडे बघितलं. बाबा माझ्याकडे बघत होते, बघत म्हणजे आवाजाच्या दिशेनं तोंड करून. चाचांनी डाव्या दाराची तार सोडली. बाबांना त्यांनी स्वतः उचलून बसवलं आणि आपल्या दुपट्ट्यानं सीटला बांधलं.

पांधण लागली. चाचा थांबले, चपला काढायला वाकले. मी मागून काचेवर हात मारला. "चाचा, आता चालून नका पाहू. चला." ते क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले आणि गाडी घातली.

नाल्याच्या अलीकडे, जिथे उतार आहे, तिथे मागची चाकं फिरायला लागली. मी आणि जोडीदार बरोबर चाकांवर उभे राहिलो, उड्या मारल्या. चाचांनी गाडी मागे घ्यायला बघितली, ती आडवी सरकली आणि मागचं एक चाक पांधणीच्या कडेच्या नालीत गेलं. इंजिन बंद झालं. पऱ्हाटीवर पडणाऱ्या पावसाचा आवाज तेवढा राहिला.

गाडी फसलेली मी तोपर्यंत कधी बघितली नव्हती. चाचांची गाडी फसत नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

चाचा खाली उतरले. हातानं माती उकरली, चाकांची हवा कमी केली. जोडीदार धावत वावरात गेला. दूर कुठेतरी निंदणाऱ्या बाया होत्या, त्यांना गाठून घेऊन यायला त्याला बराच वेळ लागला. तोवर बाबा सीटवर बांधलेले आणि मी दारात उभी राहून त्यांच्या तोंडातली लाळ ओढणीनं पुसत होते. त्यांचे हात थरथरत होते. मी त्यांना म्हणत होते, आता निघू. ते मान हलवत होते.

अकरा बाया आल्या. त्यांनी डोक्यावरच्या पोत्याच्या खोळी काढून चाकांखाली घातल्या. बाबांना सीटवरून सोडून मागे आणलं, गोधडीवर घेतलं. एका म्हाताऱ्या आजीनं त्यांचं डोकं मांडीवर धरलं आणि बाकीच्या सगळ्या मागच्या चाकांवर दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. चाचांनी त्या दिवशी कोणाचं वजन सांगितलं नाही. त्यांनी नाल्यापर्यंतचा पट्टा अनवाणी चालून बघितला, परत आले आणि गाडी सुरू केली. पाय धुवायला थांबले नाहीत. पहिल्याच झटक्यात गाडी निघाली. नाला ओलांडला, चढ चढला, डांबरी लागली.

एक तास गेला होता. एक तासाहून थोडा जास्तच.

तालुक्याच्या दवाखान्यातून बाबांना पुढे यवतमाळला नेलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. तिथल्या डॉक्टरांनी सगळं केलं, ते मी बघितलं. जाताना एक डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. नंतर मला कळलं की त्यांना सगळ्यांनाच तसं सांगावं लागतं, कारण सगळेच उशिरा आणतात. पण तेव्हा ते वाक्य मला माझ्यासाठीच आहे असं वाटलं. अजूनही वाटतं.

विहारात वंदना झाली. लोक बसले होते आणि हळू आवाजात तेच बोलणं चाललं होतं. चाचानं गाडी फसवली. बिमार माणसाले समोर बसवलं. साहेबाले मागं बसवते अन् मराले टेकलेल्या माणसाले समोर, अक्कल कुठं गेलती त्याची? कोणी तरी हे त्यांच्या तोंडावर विचारलं. चाचा दाराबाहेर उभे होते. म्हणाले, "अक्कलच गेलती माही."

मी आत, दहा हातांवर बसले होते. मी ऐकलं. मी बोलले नाही.

आईनं त्यानंतर चाचांच्या गाडीत पाय ठेवला नाही. रपट्यावर पाणी असेल तर ती पांधणीनं चिखल तुडवत चार किलोमीटर चालायची, आणि चाचांची गाडी मागून आली की बाजूला होऊन पऱ्हाटीकडे तोंड करून उभी राहायची. गाडी गेली की पुन्हा चालायला लागायची. मी त्या गाडीत असायचे. मला दुसरा इलाज नव्हता, कॉलेज सोडायचं नव्हतं. आई मला अडवायची नाही. फक्त म्हणायची, "तुले जा लागते, तू जा."

बाबा गेल्यावर आठवड्याभरात चाचांनी गाडीतली डावी सीट काढून टाकली. बोल्ट खोलून, पार मुळापासून. ती सीट शेडच्या मागे निंबाखाली पडलेली असायची. तिच्यावर कोंबड्या बसायच्या, पुढे तिच्यातला काथ्या बाहेर आला. गाडीत तिच्या जागी नुसता पत्रा आणि चार भोकं. उन्हाळ्यात, कोरड्या रस्त्यावरसुद्धा, समोर कोणी बसू शकत नव्हतं. फाट्यावरचे लोक आधी हसले. मग सवय झाली. नव्या माणसानं विचारलं तर चहावाला कपाळावर बोट ठेवून फिरवायचा, म्हणजे म्हातारा सरकला आहे.

चाचा माझ्याशी पहिल्यासारखेच राहिले. पुस्तकं तोलली. टोपलं मागितलं. "शेचाळीसची चव्वेचाळीस झाली, काहून?" असं एकदा विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चिखल बघायला निघून गेले. त्यांचं चालून बघणं मात्र वाढलं होतं. आता ते जाताना बघत आणि येताना पुन्हा बघत.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला. मी एकटीच होते, बाकी पोती. वाईट पट्टा चालून चाचा परत आले आणि हौद्याच्या फळक्याला टेकून पाय धुवायला लागले. मी म्हणाले, "चाचा, मी लोकाइले खरं सांगून टाकते."

"काय खरं?"

"बाबाले समोर मी बसवलं. तुमी नाई म्हनत होते. चालून पाहू देलं नाई ते बी मीच."

त्यांनी दुसरा पाय धुतला. "इस्टेरिंग कोनाच्या हातात होतं?"

"तुमच्या."

"मंग झालं."

"पण मी सांगितलं म्हनून..."

"सांगनारे लय असतात पोरी. साहेबबी सांगे. साहेबाचं आयकलं का मी? नाई आयकलं. तुह्या बापाच्या टाइमाले आयकलं. आयकनारा मी." चपला घालून ते गाडीकडे वळले. मग म्हणाले, "तुले एक सांगाचं राह्यलं होतं. तो समोर बसला ना, तं मले म्हने, पोरीनं बसवलं चाचा, नाई तं मी कधी बसलो असतो. खूश होता. अंगात जहर अन् खूश होता." पायजमा नीट दुमडत म्हणाले, "म्हनून मंग मी थांबलो नाई तिथं. त्याले उतरवून मागं घ्या लागत होतं. मले दिसत होतं, गाडी हलकी हाय. माह्यानं उतरवनं झालं नाई."

त्या पेपरला मी काय लिहिलं ते मला आठवत नाही. पास झाले एवढं माहीत आहे.

चाचा आता नाहीत. त्यांची गाडी भंगारात गेली. पांधणीच्या त्या उतारावर मात्र अजून मुरूम दिसतो. इतक्या वर्षांत लोकांनी टोपल्या-टोपल्यानं टाकलेला मुरूम काळ्या मातीत लाल पट्ट्यासारखा बसला आहे, आणि तेवढ्या पट्ट्यात पाय रुतत नाही.

त्याच तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी मी कॉलेजातून गुणपत्रिका घेऊन फाट्यावर उतरले. चहाच्या टपरीवर आमच्या गावची सात-आठ माणसं बसली होती. बाबांचा जोडीदार होता, सरपंच होते. चाचा गाडीच्या चाकाशी उकिडवे बसून हवा तपासत होते. मी आधी सांगितलं, पास झाले. सगळे बरं म्हणाले. मग मी उभ्या उभ्याच, गुणपत्रिका हातात धरून, ते दुसरं सांगितलं. कोणाला समोर कोणी बसवलं, कोण नाही म्हणत होतं, चालून बघू कोणी दिलं नाही. मी शेवटपर्यंत सांगितलं. जोडीदारानं मान खाली घातली. त्यालाही माहीत होतंच, आणि तोही इतके दिवस गप्प होता. सरपंच म्हणाले, "आता काय त्याचं."

चाचा उठले. हात पुसले. गुणपत्रिका घेतली, उलटी-सुलटी बघितली आणि तळहातावर तोलली.

"हे तं काईच वजन नाई," म्हणाले. मग फळकं खाली पाडलं. "चाल, बस मागं."

आईला मी घरी गेल्यावर सांगितलं. ती चुलीपुढे होती. भाकरी टाकली, उलटली, काढली. मग म्हणाली, "समोर बसला होता तो, हे आयकलं होतं. पन मले कोनी सांगितलंच नाई, कसा बसला होता ते." मी तिला सांगितलं. दुपट्टा कसा बांधला होता, हात कुठे ठेवला होता, आणि बाबा चाचांना काय म्हणाले ते. तिनं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग तिनं बाबांचा चमचा फळीवरून काढला, धुतला आणि माझ्या ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराजवळ चाचांची गाडी उभी होती. रात्री पाऊस झाला होता. आई डोक्यावर मुरमाचं टोपलं घेऊन आली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिनं टोपलं पोत्यात रिकामं केलं आणि हौद्याच्या फळक्याला हात लावून उभी राहिली.

चाचांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पन्नास," ते म्हणाले.

"पंचेचाळीस," आई म्हणाली. "चालून चालून कमी झाली मी."

ती मागच्या चाकांवर बसली. मी तिच्या शेजारी बसले. त्या वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.